मिरची नसलेल्या शतकात

पंधराव्या शतकात चांद्याला मिरची नव्हती. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण सांगणार कोण? पंधराव्या शतकात राहून आलेलं माझ्या ओळखीत कोणी नव्हतं, आणि मिरची ही विचारून घ्यायची गोष्ट आहे असं मला कधी वाटलंच नाही. ऊन असतं, पाणी असतं, तशी मिरची असते.

मी ऐतिहासिक कादंबरी लिहीत होते. ऐतिहासिक आणि प्रेमाची. 'प्रेमाची' हे मी अजूनही हळूच म्हणते. एक तर आमच्या ऊर्जानगरच्या क्वार्टरांच्या भिंती पातळ. दुसरं म्हणजे बावन्न वर्षांची, सोमवार-चतुर्थ्या करणारी, तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहाचा घोट न घेणारी बाई प्रेमाची कादंबरी लिहिते म्हटल्यावर लोक आधी तिच्या नवऱ्याकडे बघतात. आमचे हे पॉवर स्टेशनात ऑपरेटर. तीस वर्षं मीटरच्या काट्यांकडे बघून त्यांचा चेहराही मीटरसारखा झाला आहे. त्यावरून लोकांना काही कळत नाही, हा मला मोठा आधार.

कादंबरीत सोमा नावाचा पहारेकरी होता. चांद्याच्या किल्ल्याच्या एका दरवाज्यावर त्याची नेमणूक. नियम असा, की सूर्य मावळला की दरवाजा बंद करायचा. मग बाहेर राजाचा भाऊ उभा असला तरी सकाळपर्यंत उघडायचा नाही. आणि मैना नावाची मुलगी होती. ती रोज जंगलातून मध घेऊन आत यायची आणि दरवाजा बंद व्हायच्या आत बाहेर जायची. जाताना सोमासाठी फडक्यात भाकर ठेवून जायची. चौदा प्रकरणं झाली होती. चौदाव्याच्या शेवटी दरवाजा बंद होत होता, आणि मैना, आईनं घरातून काढल्यामुळे, आत राहायला म्हणून धावत येत होती.

हे सगळं माहीत असलेली जगात एकच व्यक्ती होती, ती म्हणजे जाहिदा. दुर्गापूर रस्त्यावर पाण्याच्या टाकीमागे तिचं एका खोलीचं शिलाईचं दुकान-कम-घर होतं. घरात ती आणि तिची कॉलेजात जाणारी मुलगी रूही. वीस वर्षं माझे ब्लाउज तिनंच शिवले. दर गुरुवारी पोथी झाली की मी वही घेऊन तिच्याकडे जायची. मी वाचायची, ती शिवायची. पण माझा आवाज लहान. लहान म्हणजे देवाला ऐकू जातो एवढाच. तिला दर वाक्याला मशीन थांबवावी लागे.

"बाई, तुमच्यापेक्षा माही सुई मोठ्यानं बोलते," ती म्हणायची. "थांबा, एवढी बाही जोडून घेतो, मंग सांगा त्या पोरीचं का झालं ते."

तिच्या गिऱ्हाइकांचे कपडे माझ्या कादंबरीमुळे उशिरा मिळत, अशी तक्रार होती. एका नवरीला तर लग्नाच्या दिवशी सकाळी ब्लाउज मिळाला, कारण आदल्या गुरुवारी सोमाला साप चावला होता.

आता मिरचीकडे येते. ज्येष्ठ महिन्यात आमच्या भागातल्या वाचनालयानं स्थानिक लेखकांचं वाचन ठेवलं. मला दहा मिनिटं मिळाली. मी चवथं प्रकरण घेतलं, मैना पहिल्यांदा सोमाला भाकर देते ते. माईक माझ्या हनुवटीपर्यंत आणून ठेवला तरी मागून "आवाज, आवाज" सुरूच. अर्ध्यांना काही ऐकू आलं नाही. ज्यांना आलं त्यांच्यात चैतू उईके सर होते.

उईके सर म्हणजे निवृत्त इतिहासशिक्षक. गोंड राज्यांबद्दल त्यांना जे माहीत नाही ते बहुधा झालेलं नाही. ते सावकाश उभे राहिले.

"बाई, साल कोणतं धरलं तुम्ही?"

"चौदाशे ऐंशी," मी म्हटलं.

"किती?"

मी तीनदा सांगितलं. शेवटी पहिल्या रांगेतल्या एकानं ओरडून सांगितलं.

"मंग त्या भाकरीवर मिरचीचा ठेचा कुठून आला, बाई? मिरची तवा आपल्या देशात नव्हती. समुद्रापलीकडून आली ते मागून. बटाटा नाई, टमाटर नाई, शेंगदाना बी नाई."

सभागृहात हसू फुटलं. मागून कोणी तरी विचारलं, "मंग लोक जेवत का होते, सर?" पुन्हा हसू. सरांचा हेतू वाईट नव्हता. ते माझ्याकडे दवाखान्यातले डॉक्टर बघतात तसं, समजूत घालत बघत होते. पण मला तिसऱ्या प्रकरणात सोमाची आई शेंगदाणे भाजते ते आठवलं. पाचव्यात बटाट्याची रस्सेदार भाजी होती. नवव्यात राणीच्या पंगतीत टमाटरची चटणी होती. माझं सगळं पंधरावं शतक एका क्षणात उपाशी पडलं.

जाहिदाला सांगितलं तर तिनं कात्री खाली ठेवली.

"मिरची नाई त मोहब्बत कशी होईन बाई? फिक्या भाकरीवर कोन जीव टाकीन?"

मग माझ्या चेहऱ्याकडे बघून ती म्हणाली, "रडू नोका. मिऱ्याचा ठेचा करा."

पण अपमान ठेच्यापुरता नव्हता. मी न वाचता लिहीत होते, हे चारचौघांत उघडं पडलं होतं. आणि माझ्यासारख्या बाईला कुठल्याही दुखण्यावर एकच औषध माहीत. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो. दर वर्षी मी काही तरी नेम धरते. एकदा मुक्यानं जेवण केलं, एकदा चप्पल सोडली, एकदा गोड सोडलं. त्या वर्षी देवापुढे बसून, तळहातावर पाणी घेऊन मी संकल्प सोडला: आधी वाचन, मग लेखन. हातात घेतलेलं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पूर्ण झाल्याशिवाय कादंबरीचं एक अक्षर लिहिणार नाही.

पाणी ताम्हनात पडलं. म्हणजे झालं. त्यानंतर फिरायला जागा नसते.

वाचनालयातून मी गोंडकालीन चांद्याचा इतिहास आणला. सहाशे बारा पानं, पांढरी कापडी बांधणी. आता पुस्तक वाचायचं कसं, हे मला पोथीमुळेच माहीत होतं. चौरंग मांडला, पुस्तक ठेवलं, आंघोळीनंतर बसले. वाचताना उठायचं नाही, बोलायचं नाही, आणि घरातल्यांनी हाक मारायची नाही. रोज वीस पानं. पहिल्या दिवशी सवयीनं मुखपृष्ठाला हळदकुंकू वाहिलं गेलं. ते कापडात असं मुरलं की ओल्या फडक्यानं पुसल्यावर अख्खं पुस्तक गुलाबी झालं.

त्यात दोनशे पानं जमीनमहसुलाची होती. एका गावाला किती नांगर, दुसऱ्याला किती. मी ती जपासारखी वाचली. बायका कुठेच नव्हत्या. राण्या होत्या, पण त्या तलाव बांधून लगेच मरत होत्या. कोणी कोणाला भाकर दिल्याचा उल्लेख नाही.

सहाशे बाराव्या पानावर शेवटची ओळ होती: 'पुढील भाग खंड दुसरा यात पाहावा.'

मी वर राहणाऱ्या रुखमाबाईंना विचारलं. नेमधर्मात आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांचा शब्द चालतो.

"खंड पह्यला संपला ना? मंग संपलं पुस्तक. देव का आतमंदी पाहून राह्यला का किती खंड आहेत ते?"

दुसऱ्या दिवशी त्यांनाच शंका आली. "नाई हो, पारायन अर्धं सोडलं त बाधते. असं करा, दुसऱ्या खंडाचं शेवटचं पान तेवढं वाचून टाका." तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या की महाराजांकडून पारायण करून घेता येतं तसं पुस्तक दुसऱ्याकडून वाचून घ्यावं, पुण्य आपल्याला लागतं. शेवटी मी यांना विचारलं. हे जेवत होते. घास गिळून म्हणाले, "अर्धं युनिट चालू झालं असं आम्ही लॉगबुकात लिहीत नाही."

म्हणजे दोन्ही खंड.

त्याच आठवड्यात, श्रावणाच्या दुसऱ्या सोमवारी, जाहिदा मला म्हणाली की पोट दुखते म्हणून फोटो काढला, त्यात गाठ निघाली. तिनं हे हुक लावता लावता सांगितलं. नागपूरला जावं लागणार होतं. दर एकवीस दिवसांनी.

"बरी होईन म्हनते डॉक्टर?" मी विचारलं.

"डॉक्टर त बोलतच नाई बाई, लिहिते फक्त. तुमच्यासारखा." मग म्हणाली, "ते जाऊ द्या. ती पोरगी बाहेर रायली का आत आली, तेवढं सांगा."

मी नेमाचं सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. पण जाहिदा तीस रोजे धरणारी बाई. तिनं मान हलवली.

"नेम आहे त नोका मोडू. मले समजते. मी थांबतो. तिकडं त्या बाटल्या लावून बसाचंच आहे दिवसभर."

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण पुढे सांगायची हिंमत होणार नाही. रुखमाबाई म्हणाल्याच होत्या, की लिहायचं नाही असा नेम आहे, तोंडी सांगायला काय हरकत? हरकत नव्हती. मला शेवट माहीत होता. सोमा नियमाचा माणूस होता, मी त्याला तसाच घडवला होता. तो दरवाजा बंद करणार होता आणि मैना बाहेर राहणार होती. त्यातच मला कादंबरीचं मोठेपण वाटत होतं. हे मी दर एकवीस दिवसांनी नागपूरला जाणाऱ्या बाईला सांगणार होते का? मी नेमामागे लपले. नेम मोठा असतो, त्याच्या मागे एक माणूस आरामात मावतं.

तर खंड दुसरा. वाचनालयाचा कारभार इतवारी भाऊंकडे. माणूस बुटका आणि काउंटर उंच, त्यामुळे खुर्चीवर गादी, गादीवर इतवारी भाऊ, असे ते काउंटरच्या वर जेमतेम दिसत.

"खंड दुसरा पाहिजे जी," मी म्हटलं.

"काय?"

"खंड दुसरा."

"मोठ्यानं बोला बाई, इथी पंखा सुरू आहे."

पंखा बंद करून त्यांनी रजिस्टर काढलं. खंड दुसरा बारा वर्षांपूर्वी संघप्रिया नावाच्या शिक्षिकेनं नेला होता. परत आल्याची नोंद नाही. मग तो परत मागवा, मी म्हटलं. इतवारी भाऊंनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "लिहून द्या. तोंडी काई चालत नाई इथी."

मला प्रश्न पडला की अर्ज लिहिणं हे लिहिण्यात मोडतं का. संकल्प कादंबरीच्या अक्षराचा होता, पण उगाच कशाला, म्हणून अर्ज यांनी लिहिला. 'विषय: खंड क्र. २ उपलब्ध नसल्याने उद्भवलेली परिस्थिती.' खाली त्यांनी वेळ, तारीख आणि 'परिस्थिती जैसे थे' असंही लिहिलं. अर्ज समितीपुढे जायचा होता. समिती महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बसते. त्या शनिवारी वसाहतीच्या भिंतीवर वाघ बसला.

हे आमच्याकडे होतं. बाहेरगावच्या लोकांना खरं वाटत नाही. वाघ भिंतीवर दीड तास बसला, वनखात्याची गाडी खाली उभी राहिली, आणि सभा तहकूब झाली. त्यानंतर वाचनालयाची वेळ दुपारी दोन ते चार झाली. दोन ते चार मी वाचत नव्हते, कारण वाचायला पुस्तक नव्हतं, आणि लिहीत नव्हते, कारण वाचलं नव्हतं. चौरंग तसाच मांडलेला. मी रोज त्यावरची धूळ पुसायची आणि समोर बसून राहायची.

जाहिदाच्या तीन फेऱ्या नागपूरला झाल्या. केस गेले. ती स्कार्फ घट्ट बांधून मशीनवर बसे, पण पायडलवर पाय ठरत नसे.

"मिळालं का तुमचं पुस्तक?"

"समिती बसली नाही."

"काऊन?"

"वाघ बसला."

ती एवढी हसली की रूही आतून पाणी घेऊन धावत आली.

शेवटी मीच पत्ता काढला. संघप्रिया मॅडम गडचांदूरला राहत होत्या. मी एसटीनं गेले. खिडकीशी बसले, उतरेपर्यंत साडी सिमेंटच्या रंगाची झाली. मॅडमनी चहा दिला, माझं म्हणणं खुर्ची जवळ ओढून ऐकलं, आणि म्हणाल्या, "पुस्तक? ते तर मी महिन्यातच परत केलं हो. बदली झाली तेव्हा."

"पण नोंद नाही."

"नोंद कशी असणार? इतवारी भाऊ तेव्हा नवे लागले होते. काउंटरवरून दिसत नव्हते बिचारे. मी पुस्तक दिलं, त्यांनी माझ्यासमोरच खुर्चीवर ठेवलं, वरून गादी टाकली आणि बसले. मला वाटलं, तात्पुरतं असेल."

परतीच्या एसटीत मी रामनाम घेत होते, पण मध्ये मध्ये दुसरेच शब्द येत होते.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी काउंटरपुढे उभी राहिले. "भाऊ, उठा."

"काय?"

"उठा जी जरा."

माझ्या आयुष्यात मी कोणा परपुरुषाला असं काही म्हटलं नव्हतं. इतवारी भाऊ उठले. गादी काढली. खाली खंड दुसरा होता, बसून बसून मध्ये खोलगट झालेला. ते पुस्तकाकडे बघत राहिले. खरंच त्यांना माहीत नव्हतं, की माहीत असून ते विसरले होते, मी विचारलं नाही.

"पन हे तुमाले देता येत नाई," ते म्हणाले. "रजिस्टरमंदी हे त्या मॅडमकडं आहे."

पुस्तक परत केल्याचं मॅडमचं पत्र टपालानं यायला नऊ दिवस लागले. पत्र आल्यावर पुस्तक आधी रीतसर परत आलं, मग रीतसर माझ्या नावावर चढलं. मी निघाले तर त्यांनी हाक मारली. आवाज काउंटरच्या पलीकडून, खालून कुठून तरी येत होता.

"बाई, मंग मी बसू कशावर?"

मी खंड पहिला परत केला. तो त्यांनी गादीखाली घातला. शंभर पानं जास्त होती, त्यामुळे ते आता पूर्वीपेक्षा उंच दिसतात.

खंड दुसरा, पाचशे सात पानं. नवरात्र लागलं होतं. मी रोज पन्नास पानं वाचू लागले, मग साठ. घट बसवलेले, उपवास, वर हे पुस्तक. लढायांची नावं आणि आरतीच्या ओळी एकमेकांत मिसळायला लागल्या. दसऱ्याच्या आदल्या दिवशी रूहीनं निरोप दिला, की नागपूरच्या डॉक्टरांनी अम्मीला घरी न्या म्हटलं आहे. घरी न्या म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत असतं.

मी गेले. जाहिदा खाटेवर होती. मशीनवर चादर झाकलेली. ती बोलली ते मला ऐकू आलं नाही. वाकून कान जवळ नेला. तिचा आवाज आता माझ्यासारखा झाला होता.

"किती पानं रायली?"

"एकेचाळीस. त्यातली सूचीच पुष्कळ."

"मंग झालंच की." तिनं डोळे मिटले. "ब्लाउज कापून ठेवला तुमचा. रूही हुक लावून देईन. हिरवा आहे, मोरपंखी म्हनू नोका."

पिशवीत माझी वही होती. पेन होता. मी बसून एक ओळ लिहिली असती, किंवा तोंडानंच सांगितली असती, खोटी का होईना. मी तिच्या पायावर हात ठेवला आणि एकेचाळीस पानं वाचायला घरी आले.

सूचीही पुस्तकात धरायची, असं मी ठरवलं होतं. शेवटचं पान म्हणजे शेवटचं पान. अ पासून नावं आणि पुढे पानांचे आकडे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी 'म' वर होते. मिरची दिसते का बघत होते. महसूल होता, माणिकगड होता, मोहफूल होतं. मिरची नव्हती. तेवढ्यात फोन वाजला आणि यांनी घेतला.

हे दारात येऊन उभे राहिले. मी वाचत असताना हाक मारायची नाही हा माझा नेम होता, आणि तो यांनी माझ्याहून जास्त पाळला. यांची सावली चौरंगावर पडलेली मला दिसत होती. मी पान संपवलं. मग वर पाहिलं.

दुपारी तिला नेलं. मी बायकांमध्ये आत बसले होते. कोणी तरी मला सरकून जागा दिली. रुखमाबाईही आल्या होत्या, त्या पूर्ण वेळ एक शब्द बोलल्या नाहीत, ही त्यांच्या बाबतीत फार मोठी गोष्ट आहे.

दहा दिवसांनी रूही घरी आली. कागदात बांधलेला ब्लाउज होता, हिरवाच. त्यासोबत जाहिदाची मापांची वही. त्यात माझं माप वीस वर्षांत सहा वेळा खोडून वाढवलेलं होतं. रूहीनं शेवटचं पान उघडलं.

"अम्मीनं सांगितलं, मी लिहिलं. तुमची पानं संपली का मग द्यायचं म्हणाली होती. संपली ना?"

मी ब्लाउजची घडी घालत राहिले. तिनं वही माझ्या हातात दिली. रूहीचं अक्षर गोल आहे, पण शब्द जाहिदाचे जसेच्या तसे होते.

'बाईची मैना बाहेर नाई रायली. सोमानं दरवाजा लावाले घेतला, अर्धा लावला, मंग त्याले दिसली ती येऊन राह्यली. थांबला. सूर्य डुबला त डुबला. ती आत आली, मंग लावला. राजानं त्याले सजा देल्ली. किती ते बाई लिहितीन. मंग दोघायनं भाकर खाल्ली, मिरचीच्या ठेच्यासंगं. मिरची काढाची नाई. कोनी बोललं त जाहिदानं घातली म्हनून सांगा.'

रूही गेल्यावर मी चौरंगापुढे बसले. सूची 'म' वर उघडीच होती. 'य' पासून पुढची पानं राहिली होती, फार तर अर्धा तास. मी पुस्तक मिटलं आणि वही काढली. चौदा-पंधरा वर्षांचे माझे चातुर्मास, एकही मोडलेला नव्हता. तो त्या दुपारी मोडला. पंधरावं प्रकरण मी तिनं सांगितलं तसंच उतरवलं. सोमाला किती फटके पडले ते तेवढं माझं आहे. मी पुष्कळ लिहिले.

दरवाजा मी उघडला खरा. बाहेर कोणी नव्हतं.

कार्तिकात वाचनालयात पुन्हा वाचन होतं. पुस्तक परत करताना इतवारी भाऊंनी विचारलं, "वाचून झालं का पूर्न?" मी म्हटलं, नाई. त्यांनी रजिस्टरात पूर्ण असं लिहिलं. दुसरा रकानाच नव्हता.

मी पंधरावं प्रकरण वाचलं. रूही पहिल्या रांगेत होती. ठेचा आला तशी मागे थोडी खुसखुस झाली, आणि उईके सर उभे राहिले. त्यांना मी चुकतेय याचं खरंच वाईट वाटत होतं.

"बाई, मिरची अजून तशीच आहे."

"हो सर. राहील."

"काय?" मागून कोणी तरी ओरडलं.

"राहील," मी म्हटलं. माईकपासून लांब उभी होते, तरी ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. "ती जाहिदानं घातली आहे."

सरांना जाहिदा कोण ते माहीत नव्हतं. रूहीकडे त्यांची नजर गेली, मग ते म्हणाले, "असं का. मंग असू द्या," आणि खाली बसले.

मिरची मी त्याच दिवसापासून सोडली. आमच्यात माणूस गेल्यावर त्याच्या आवडीची एक वस्तू सोडतात. हे बिचारे मिऱ्यांवर भागवतात आणि डबा उघडून सहकाऱ्यांना सांगतात, की आमच्या घरी सध्या चौदाशे ऐंशी साल सुरू आहे.

यंदाचा चातुर्मास लागला तेव्हा मी पुन्हा नेम धरला. रोज दहा पानं वाचायची, एक लिहायचं. पाणी तळहातावर घेऊन थोडा वेळ तसंच धरलं. मग देवाला, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं, सांगितलं, की कोणी वाट पाहत असेल तर हा मी मोडीन. तू आधीच ऐकून ठेव. मग पाणी सोडलं.